तीन अमिनो आम्लांचा पत्ता : यीस्टच्या पेशीत पेरॉक्सिझोममध्ये प्रथिने कशी शिरतात

पेरॉक्सिझोम हा पेशीतील एक लहानसा कोश आहे. त्याचा व्यास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापासून हजाराव्या भागापर्यंत भरतो आणि त्याच्याभोवती पटलाचा एकच पदर असतो. यीस्टपासून माणसापर्यंत, केंद्रक असलेल्या बहुतेक पेशींत तो आढळतो. मेदाम्लांचे विघटन हे त्याचे मुख्य काम. या विघटनात हायड्रोजन पेरॉक्साइड हे पेशीला अपायकारक ठरणारे रसायन तयार होते आणि त्याच कोशातील कॅटॅलेज नावाचे विकर त्याचे लगेच पाणी व ऑक्सिजन यांत रूपांतर करते. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले की फेस उठतो, तो याच कॅटॅलेजमुळे. विष उत्पन्न करणारी आणि विष उतरवणारी विकरे एकाच कोशात बंदिस्त असल्याने उरलेली पेशी सुरक्षित राहते.

स्वीडनमधील योहानेस रोडीन यांनी १९५४ साली उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून हे कण पाहिले आणि त्यांना ‘सूक्ष्मपिंड’ अशा अर्थाचे मोघम नाव दिले. त्यांचे रासायनिक कार्य बेल्जियमचे ख्रिस्तियाँ द दुव यांनी साठच्या दशकात उलगडून दाखवले. ‘पेरॉक्सिझोम’ हे नावही त्यांनीच दिले. पेशीच्या अंतर्रचनेवरील संशोधनासाठी द दुव १९७४ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

या कोशाची एक मोठी उणीव आहे. तंतुकणिकेजवळ निदान स्वतःचा थोडासा डीएनए असतो आणि काही मोजकी प्रथिने ती घरच्या घरी बनवते. पेरॉक्सिझोमजवळ डीएनए नाही आणि प्रथिने घडवणारे रायबोसोमही नाहीत. त्याच्या पोटातील प्रत्येक विकर बाहेर, पेशीद्रवातील रायबोसोमवर तयार होते आणि पूर्ण तयार झाल्यानंतर आत नेले जाते. पेशीत त्या क्षणी हजारो प्रकारची प्रथिने वावरत असतात. त्यांतून नेमकी हवी ती काही डझन प्रथिने कशी निवडली जातात, आणि तेलकट पटलाला भोक न पाडता ती आत कशी नेली जातात, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न सूक्ष्म असला तरी त्याचे उत्तर चुकलेल्या पेशींची बाळे जन्माला येतात आणि त्यांतील अनेक पहिला वाढदिवसही पाहत नाहीत.

शब्दाच्या शेवटचा प्रत्यय

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपुरात एक राजपुरा आहे आणि पंजाबातील पतियाळा जिल्ह्यातही एक राजपुरा आहे. पाकिटावर नुसते ‘राजपुरा’ लिहून पत्र टाकले तर ते कोठे जाईल, याचा भरवसा नाही. टपाल खात्याची सारी मदार पत्त्याच्या शेवटच्या ओळीवर असते. तेथील पिनकोड ४ या अंकाने सुरू झाला तर पत्र मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गोव्याच्या दिशेने निघते आणि १ ने सुरू झाला तर पंजाबच्या वाटेला लागते. आतील मजकूर कितीही लांब असो, वाट ठरवणारी खूण अगदी छोटी असते. प्रथिनांच्या अंगावर अशा पत्त्याच्या खुणा असतात, हे गुंटर ब्लोबेल यांनी सत्तरच्या दशकात आंतरद्रव्यजालिकेकडे जाणाऱ्या प्रथिनांबाबत दाखवून दिले होते. १९९९ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. पेरॉक्सिझोमचा पत्ता मात्र ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत कोणालाच वाचता आला नव्हता.

तो वाचला गेला काजव्यामुळे, आणि त्या कामाचे नेतृत्व पुण्यातून पदवी घेऊन गेलेल्या एका संशोधकाने केले. सुरेश सुब्रमणी यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून बी.एस्‌सी. केले, कानपूरच्या आयआयटीतून एम.एस्‌सी. आणि बर्कले येथून १९७९ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. त्याच विद्यापीठात मार्लीन डीलुका आणि डोनाल्ड हेलिन्स्की यांच्या गटांनी अमेरिकी काजव्याला प्रकाश देणाऱ्या ल्युसिफरेज या विकराचे जनुक १९८५ च्या सुमारास वेगळे केले होते. पावसाच्या तोंडावर सह्याद्रीच्या उतारांवर झाडेच्या झाडे लुकलुकतात, त्यामागेही याच जातीचे विकर असते. काजव्याच्या पोटाशी असलेल्या प्रकाशपेशींत ते पेरॉक्सिझोममध्ये साठवलेले असते. म्हणजे काजव्याचा उजेड हा खरे तर पेरॉक्सिझोमचा उजेड होय.

सुब्रमणी, त्यांचे विद्यार्थी स्टीव्हन गूल्ड, गिल्बर्ट केलर आणि सहकारी यांनी हे जनुक सस्तन प्राण्यांच्या पेशींत घातले. कीटकाचे हे प्रथिन तेथेही बिनचूक पेरॉक्सिझोममध्येच जाऊन बसले. कीटकाने लिहिलेला पत्ता सस्तन प्राण्याच्या पेशीला वाचता येत होता, याचा अर्थ त्याची लिपी फार जुनी आणि सामाईक होती. मग त्यांनी प्रथिनाचे शेपूट छाटले, तेव्हा ते पेशीद्रवातच भटकत राहिले. उलट, तेच शेपूट पेरॉक्सिझोमशी काडीचाही संबंध नसलेल्या एका जिवाणूच्या प्रथिनाला जोडले, तर ते प्रथिन निमूटपणे पेरॉक्सिझोममध्ये गेले. १९८७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९८९ पर्यंत पत्ता अवघ्या तीन अमिनो आम्लांवर आला : सेरीन, लायसीन आणि ल्युसीन, याच क्रमाने आणि साखळीच्या अगदी शेवटी. ल्युसिफरेजची साखळी ५५० अमिनो आम्लांची आहे. त्यांतील शेवटची तीन उरलेल्या ५४७ ची वाट ठरवतात. पुढच्याच वर्षी याच गटाने यीस्ट, वनस्पती, कीटक आणि सस्तन प्राणी या चारही ठिकाणी हीच लिपी चालते, हे दाखवले.

मराठीच्या विद्यार्थ्याला येथे विभक्तिप्रत्यय आठवल्याशिवाय राहत नाही. ‘घर’ या शब्दाला सप्तमीचा ‘त’ लागला की तो स्थळ दाखवू लागतो. पण तो ‘त’ शेवटीच असला पाहिजे. ‘घरात’ला पुढे ‘ला’ जोडून ‘घरातला’ केले की शब्दाचे कार्यच पालटते. या तीन अमिनो आम्लांचेही तसेच आहे. त्यांच्या पुढे आणखी एखाद-दुसरे अमिनो आम्ल चिकटवले की खूण वाचली जात नाही. प्रत्ययांची जशी पर्यायी रूपे असतात तशी याचीही आहेत. सेरीनच्या जागी ॲलानीन किंवा सिस्टीन, लायसीनच्या जागी आर्जिनीन किंवा हिस्टिडीन, ल्युसीनच्या जागी मेथिओनीन अनेकदा चालून जाते. आणि प्रत्यय आहे तसा उपसर्गही आहे. १९९१ मध्ये उंदराच्या थायोलेज या विकरात सुरुवातीच्या टोकाजवळ नऊ अमिनो आम्लांच्या पट्ट्यात विखुरलेली दुसऱ्या प्रकारची खूण सापडली. ती मोजक्याच प्रथिनांवर असते आणि तिला वाचणारा ग्राहकही वेगळा आहे.

यीस्टच का?

पत्ता कळला, पण पोस्टमन कोण, दार कोठे आणि ते उघडते कसे, हे कळण्यासाठी यीस्टकडे जावे लागले. यीस्टशी गोमंतकीयांचा परिचय जुना आहे. पोदेराचा पाव फुगतो, सुरीने सान्ना फुलतात आणि काजूचा रस हुर्राकासाठी आंबतो, तो यीस्टच्या पेशींमुळे. साखर भरपूर असेल तेव्हा यीस्टला पेरॉक्सिझोमची फारशी गरज पडत नाही. दोन-चार बारीक कोश असतात आणि तेही रिकामटेकडे. पण साखर काढून घेऊन तिला ओलेइक आम्लावर, म्हणजे ऑलिव्हच्या तेलातील मुख्य मेदाम्लावर ठेवले, की पेरॉक्सिझोमची संख्या आणि आकार दोन्ही झपाट्याने वाढतात. यीस्टमध्ये मेदाम्लांचे विघटन फक्त याच कोशात होते.

जर्मनीतील बोखुम येथील वोल्फ-हुबेर्ट कुनाऊ आणि त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी राल्फ एर्डमान यांनी या सवयीचा अत्यंत चतुर उपयोग केला. त्यांनी यीस्टमध्ये उत्परिवर्तने घडवली आणि साखरेवर छान वाढणाऱ्या पण ओलेइक आम्लावर उपाशी मरणाऱ्या पेशी निवडल्या. त्यांतील काहींत सूक्ष्मदर्शकाखाली पेरॉक्सिझोम दिसतच नव्हते, आणि त्यांत असायला हवी होती ती विकरे पेशीद्रवात भटकत होती. हे काम १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. बिघडलेले जनुक कोणते, हे शोधायला मग वेळ लागला नाही. पहिले जनुक १९९१ मध्ये हाती आले. लवकरच निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांत, निरनिराळ्या जातींच्या यीस्टमध्ये अशी जनुके सापडू लागली आणि प्रत्येकाने आपापली नावे ठेवल्यामुळे एवढा गोंधळ माजला की १९९६ साली सर्वांनी मिळून ‘पेक्स’ हे एकच आडनाव आणि त्यापुढे क्रमांक अशी पद्धत मान्य केली. क्रमांक शोधाच्या क्रमाने दिलेले असल्यामुळे त्यांवरून कार्याचा बोध होत नाही, ही नवख्या वाचकाची पंचाईत आजही कायम आहे.

यीस्टचा खरा उपकार निराळाच आहे. पेरॉक्सिझोमची आयात बंद पडलेले अर्भक जगत नाही. यीस्टची पेशी मात्र साखरेवर सुखाने जगते, तिच्या पिढ्या वाढतात आणि दोष कोठे आहे ते निवांतपणे तपासता येते.

आत जाण्याची वाट

पोस्टमनचे काम पेक्स-५ हे प्रथिन करते. सुब्रमणी यांच्या प्रयोगशाळेत १९९३ मध्ये पिकिया पास्टोरिस या यीस्टमध्ये ते या कामासाठी ओळखले गेले. त्याच्या एका अर्ध्या भागात चौतीस अमिनो आम्लांचे एक वळण पुन्हा पुन्हा येऊन एक खोबण तयार होते आणि तीन अमिनो आम्लांचा पत्ता त्या खोबणीत नेमका बसतो. दुसरा अर्धा भाग सैल आणि लवचीक असून त्यावर पेरॉक्सिझोमच्या पटलाला पकडण्याच्या जागा आहेत. पेक्स-५ पेशीद्रवात फिरते, पत्ता असलेले प्रथिन पकडते आणि पटलावरील पेक्स-१३, पेक्स-१४ व पेक्स-१७ या त्रिकुटाच्या धक्क्याला लागते. उपसर्गासारखी दुसरी खूण पेक्स-७ वाचते. नेहमीच्या पावाच्या यीस्टमध्ये त्याला पेक्स-१८ व पेक्स-२१ या जोडीदारांची साथ लागते.

येथपर्यंतची कथा पेशीतील इतर ठिकाणच्या आयातीसारखीच वाटते. वेगळेपण पुढे आहे. तंतुकणिकेत जाताना प्रथिनाची घडी पूर्ण उलगडावी लागते. सुईच्या नेढ्यातून दोरा ओवावा तशी त्याची साखळी अरुंद छिद्रातून आत ओढली जाते आणि आत गेल्यावर तिची पुन्हा घडी पडते. पेरॉक्सिझोममध्ये पालखी मोडून आत नेत नाहीत. ती दांड्यांसकट, भोयांसकट आत जाते. १९९४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी यीस्टमध्ये दाखवले की दोन किंवा तीन प्रथिने एकमेकांना बिलगून पूर्ण तयार संकुल झालेले असले, तरी ते जसेच्या तसे आत जाते. एवढेच नव्हे, त्यांतील एकाच घटकावर पत्ता असला तरी पुरते. बिनपत्त्याचा सोबतीही त्याच्याबरोबर प्रवेश मिळवतो. १९९५ मध्ये सुब्रमणी यांच्या गटाने याहून धाडसी प्रयोग केला. सोन्याच्या सूक्ष्म कणांवर पत्ता असलेली प्रथिने चढवून ते कण त्यांनी मानवी पेशींत सोडले. नऊ नॅनोमीटरपर्यंत व्यासाचे कण पेरॉक्सिझोममध्ये पोचले. सोन्याच्या कणाची घडी उलगडता येत नाही, त्यामुळे वादाला जागाच उरली नाही.

पण यातून कोडे अधिकच गहन झाले. नऊ नॅनोमीटर रुंदीचे कायमचे भोक पटलाला असते तर आतील लहान रेणू, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही, मुक्तपणे बाहेर वाहत राहिले असते. कोणत्याही सूक्ष्मदर्शकाला असे भोक दिसत नव्हते. एर्डमान आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये सुचवले की दार कायमचे नसावे. पेक्स-५ स्वतःच पटलात शिरून, पेक्स-१४ च्या साथीने, आलेल्या मालाच्या आकाराएवढे तात्पुरते छिद्र घडवत असावे. २०१० मध्ये जर्मन संशोधकांनी यीस्टमधून ही प्रथिने काढून कृत्रिम पटलात बसवली आणि विद्युतप्रवाह मोजून दाखवले की माल आल्यावर सुमारे नऊ नॅनोमीटरपर्यंत रुंदावणारे छिद्र खरोखरच तयार होते. सोन्याच्या कणांच्या प्रयोगाशी हा आकडा इतका जुळणारा होता की अनेकांना प्रश्न सुटल्यासारखा वाटला.

तो पूर्ण सुटला नव्हता. २०२२ मध्ये हार्वर्ड येथील टॉम रॅपोपोर्ट यांच्या गटाने वेगळे चित्र मांडले. पेक्स-१३ च्या एका भागात टायरोसीन आणि ग्लायसीन या अमिनो आम्लांची दाटी आहे. पटलातील अनेक पेक्स-१३ रेणूंचे हे भाग एकमेकांत गुंतून दाट, मऊ जाळी तयार करतात. सामान्य प्रथिनाला ही जाळी अडवते, पण पेक्स-५ तिच्यात विरघळल्यासारखे शिरते आणि पकडलेले प्रथिनही सोबत ओढून नेते. केंद्रकाच्या छिद्रांतही अशीच जाळी असते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. म्हणजे पेशीने एकच युक्ती दोन ठिकाणी वापरली. दोन्ही चित्रे एकमेकांना कितपत पूरक आहेत, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. मला स्वतःला जाळीचे चित्र अधिक पटते, कारण कायमचे भोक न ठेवता मोठे प्रथिन आत कसे जाते याचे ते सर्वांत साधे स्पष्टीकरण आहे.

परतीचे भाडे

या साऱ्या यंत्रणेचे मर्म मात्र प्रवेशात नसून परतीत आहे, आणि हीच गोष्ट शालेय पुस्तकांत क्वचितच सांगितली जाते. आत जाण्यासाठी पेक्स-५ ला ऊर्जा खर्च करावी लागत नाही. उतारावरून गाडी घरंगळावी तसे ते माल घेऊन पटलात शिरते. माल आत उतरला की रिकामे पेक्स-५ तेथेच अडकून राहते. ते बाहेर आले नाही तर पुढचा माल आणायला कोणी नाही. ग्राहक आत जाऊन पुन्हा पेशीद्रवात येतो, हे दम्मई आणि सुब्रमणी यांनी २००१ मध्ये मानवी पेशींत दाखवले.

परतीसाठी आधी पेक्स-५ वर ‘बाहेर काढावे’ अशी खूण लावली जाते. ती खूण म्हणजे युबिक्विटिन हे छोटेसे प्रथिन. यीस्टमध्ये पेक्स-४ ते वाहून आणते, पेक्स-२२ त्याला पटलाशी धरून ठेवते आणि पेक्स-२, पेक्स-१० व पेक्स-१२ हे त्रिकूट ते पेक्स-५ ला जोडते. २०२२ मध्येच या त्रिकुटाची रचना उघड झाली आणि त्याच्या मध्यातून एक वाट जाते, असे दिसले. पेक्स-५ याच वाटेने परत ओढले जाते. ओढण्याचे काम पेक्स-१ आणि पेक्स-६ यांचे सहा घटकांचे कडे करते. यीस्टमध्ये पेक्स-१५ त्याला पटलाजवळ बांधून ठेवते. पेशीचे ऊर्जाचलन म्हणजे एटीपी खर्च होते ते येथे. बाहेर आल्यावर युबिक्विटिन काढून टाकले जाते आणि पेक्स-५ पुन्हा कामाला लागते. हे कडे निकामी झाले तर खुणा चढत जातात आणि अडकलेले पेक्स-५ पेशीच्या मोडीखान्यात नष्ट केले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की दार बंद आहे. प्रत्यक्षात दार शाबूत असते, पोस्टमनच संपलेले असतात.

पुण्याच्या लशीतील यीस्ट

काही यीस्टे मेथॅनॉलवर, म्हणजे माणसाला आंधळे करणाऱ्या विषारी अल्कोहोलवर, मजेत जगतात. पिकिया पास्टोरिस आणि हान्सेनुला पॉलिमॉर्फा ही त्यांतील दोन प्रसिद्ध नावे. मेथॅनॉल पचवणारे विकर पेरॉक्सिझोममध्ये असते. या यीस्टला मेथॅनॉलवर ठेवले की हान्सेनुलाच्या पेशीत पेरॉक्सिझोम एवढे फुगतात की पेशीच्या आकारमानाचा ८० टक्क्यांपर्यंत भाग तेच व्यापतात, आणि आत हे विकर स्फटिकासारखे रचलेले दिसते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील मार्टेन फेनहाइस यांनी या यीस्टचा सर्वाधिक अभ्यास केला. घडी न मोडता आत जाण्याच्या नियमाला अपवाद हेच विकर. त्याच्या आठ घटकांची जुळणी आत गेल्यावरच होते. ती बाहेरच झाली तर ते आत जात नाही आणि पेशीद्रवात गोळा होऊन पडते. शिवाय त्याच्या शेपटीला सेरीन-लायसीन-ल्युसीन नाही. तेथे ॲलानीन, आर्जिनीन आणि फेनिलॲलानीन आहेत. निसर्गातले नियम अभ्यासकांच्या सोयीसाठी केलेले नसतात.

या विकराचे जनुक मेथॅनॉल दिसताच जबरदस्त वेगाने चालू होते. जैवतंत्रज्ञांनी त्याच्या चालू-बंद करण्याच्या कळीला दुसरी हवी ती जनुके जोडली आणि यीस्ट हा प्रथिनांचा कारखाना बनला. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये बाजारात आणलेली हिपॅटायटिस ‘ब’ ची भारतीय लस पिकिया पास्टोरिसमध्ये तयार झाली होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘जीनव्हॅक-बी’ या लशीतील विषाणूचे प्रथिन हान्सेनुला पॉलिमॉर्फामध्ये तयार होते. मेथॅनॉल पचवण्याची ही यीस्टे शिकली नसती, तर लसनिर्मितीचा हा स्वस्त मार्ग खुलाच झाला नसता.

ज्यांच्या पेशींत पत्र पोचत नाही

१९६४ मध्ये हान्स झेलवेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भावंडांचे वर्णन केले. जन्मतःच अंग लुळे, दूध ओढण्याची ताकद नाही, झटके, टाळू मोठी उघडी, यकृत वाढलेले, कपाळ उंच. मुले काही महिन्यांतच दगावली. १९७३ मध्ये सिडनी गोल्डफिशर यांना अशा मुलांच्या यकृतात व मूत्रपिंडात पेरॉक्सिझोम आढळले नाहीत. पुढे १९८८ मध्ये कळले की ते अगदीच नाहीत असे नाही. पटलाचे रिकामे कोश शिल्लक असतात. पटलातील प्रथिने पेक्स-३ आणि पेक्स-१९ यांच्या वेगळ्या वाटेने येत असल्याने घराच्या भिंती उभ्या राहतात, पण आत सामान पोचलेले नसते. अतिलांब साखळीची मेदाम्ले मग विघटित न होता रक्तात आणि मेंदूत साचतात आणि मज्जातंतूंच्या आवरणाला आवश्यक असलेले काही मेदद्रव्य बनतच नाही.

सुब्रमणी यांच्या १९९३ च्या निबंधाच्या शीर्षकातच, यीस्टमधील दोष या रुग्णांच्या पेशींतील दोषासारखा आहे, असे नमूद होते. मानवी जनुकांपैकी पहिले १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी शोधले. बाकीची जनुके शोधताना यीस्टच्या यादीचा मोठा आधार मिळाला. यीस्टमधील ‘पेक्स’ प्रथिनाचा क्रम घ्यायचा आणि मानवी जनुकसंग्रहात त्याच्यासारखे काय आहे ते पाहायचे, अशी ती पद्धत होती. आज झेलवेगर विकारसमूहाशी तेरा जनुके जोडली गेली आहेत आणि यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांत दोष पेक्स-१ मध्ये असतो. पेक्स-१ आणि पेक्स-६ परतीच्या यंत्रणेतील आहेत, हे वर आलेच आहे. दोन्ही मिळून बहुसंख्य रुग्णांचे कारण ठरतात. म्हणजे या मुलांतील बहुतेकांच्या पेशींत माल आत नेण्याची क्षमता असते, फक्त ग्राहक परत येत नाहीत. सौम्य उत्परिवर्तन असलेल्या मुलांत पेक्स-१ अर्धवट काम करते. ती वाढतात, काही प्रौढही होतात, मात्र दृष्टी आणि श्रवण यांवर परिणाम राहतो.

अमेरिकेत सुमारे ५० हजार जन्मांत एक असे याचे प्रमाण मानले जाते. विकार अप्रभावी वारशाने येतो. आई आणि वडील दोघेही निरोगी वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला विकार होण्याची शक्यता चारात एक असते. जवळच्या नात्यातील विवाहांत दोघांनी एकच दोष बाळगलेला असण्याची शक्यता वाढते. रक्तातील अतिलांब मेदाम्लांचे प्रमाण ही निदानाची पहिली पायरी आणि जनुकतपासणी ही दुसरी. नेमके उत्परिवर्तन कळले तर पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी शक्य होते, म्हणून पहिल्या बाळाचे अचूक निदान, मग ते बाळ वाचो वा न वाचो, कुटुंबासाठी मोलाचे असते. अमेरिकेत २०१६ पासून नवजात तपासणीच्या शिफारस-यादीत अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी हा पेरॉक्सिझोमचाच दुसरा विकार आहे आणि त्याच तपासणीत झेलवेगर समूहातील मुलेही हाती लागतात. मूळ दोष दूर करणारे औषध नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले कोलिक आम्ल यकृताला आधार देते, त्यापलीकडे नाही.

आयात बंद पाडणे हेच औषध ठरेल, असा उलटा विचारही चालू आहे. आफ्रिकेतील निद्रारोग घडवणारे ट्रिपॅनोसोम आणि आपल्याकडे बिहारात काळा आजार पसरवणारे लीशमॅनिया या परजीवींत पेरॉक्सिझोमचेच एक रूप असते. त्यात ते ग्लुकोज पचवण्याची बरीचशी विकरे कोंडून ठेवतात. ही विकरे बाहेर राहिली तर ग्लुकोज बेसुमार पेटत जाते, ऊर्जेचा साठा उधळला जातो आणि परजीवी मरतो. त्याच्या पेक्स-५ आणि पेक्स-१४ यांची गाठ पडू न देणारे रेणू ट्रिपॅनोसोमला मारतात, हे २०१७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी प्रसिद्ध केले. मानवी पेशीतही हीच जोडी हेच काम करत असल्यामुळे परजीवीच्या पेक्स-१४ ला बांधेल आणि आपल्या पेक्स-१४ ला सोडून देईल असा रेणू घडवणे, हे त्या प्रयत्नांपुढील सध्याचे काम आहे.